पतंग कटला, शेपूट राहिलं

कॉम्प्युटर रिपेअरिंगच्या दुकानात दोन गोष्टी साचतात, मेलेले पार्ट आणि किस्से. पार्ट भंगारवाला घेऊन जातो. किस्से तो उचलत नाही, म्हणून ते माझ्याकडेच राहिलेत. परवा चहा पिता पिता एक सांगितला तर मित्र म्हणाले, "अजून सांग." एक सांगायला गेलो की त्याला धरून दुसरा बाहेर येतो, म्हणून आज सगळेच सांगून टाकतो.

आमचं दुकान यवतमाळला, दत्त चौकाच्या जवळ. मालक वसंतभाऊ. काउंटर आणि फोन सांभाळतात रेखाताई. आणि मी सुनील, हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन मागच्या टेबलावर. भाऊ मला 'सुन्या' म्हणतात. काम बिघडलं की 'इंजिनियर साहेब' म्हणतात.

आम्ही 'पतंग' कॉम्प्युटरचं अधिकृत सेवा केंद्र. पुढच्या पॅनेलवर लांब शेपटीचा पतंग, आणि मशीन चालू केलं की एक धून वाजायची, टिं टिं टुईं टिंऽऽ! जिल्ह्यातल्या अर्ध्या शाळांत आणि कार्यालयांत सकाळी हीच धून.

भाऊ आधी एका टपरीत रेडिओ दुरुस्त करायचे. लग्नाच्या वेळी सासरच्यांनी "जावई काय करतात?" या प्रश्नावर तीन वेळा विषय बदलला होता म्हणे. पतंग कंपनीनं सेवा केंद्र दिलं, तेव्हा भाऊंनी बोर्डावर 'अधिकृत' हा शब्द स्वतःच्या नावापेक्षा मोठा रंगवून घेतला. रोज सकाळी शटर उघडायच्या आधी ते त्या बोर्डाकडे एकदा बघून घेतात. बोर्डाच्या मागच्या फटीत एका साळुंकीनं संसार थाटला होता. तिला पोळीचा चुरा टाकल्याशिवाय भाऊ स्वतः चहा घेत नसत.

आणि एक दिवस कंपनी विकली गेली!

\* \* \*

मेल इंग्रजीत होता. रेखाताईंनी वाचून दाखवला. "भाऊ, त्यायले लय आनंद झाला म्हणते. नवीन प्रवास सुरू होऊन राह्यला म्हणते."

"कुठी चालले?" भाऊंनी विचारलं.

"कुठी नाही. कंपनी विकली."

भाऊ मटकन स्टुलावर बसले. "तोंडी नोको सांगू ताई, लेखी पायजे."

"भाऊ, हे लेखीच हाय!"

सरकारी कार्यालयांशी व्यवहार करण्यात आयुष्य गेल्यामुळे भाऊंचा कोणत्याही तोंडी गोष्टीवर विश्वास नाही. त्यांनी मेलची प्रिंट काढायला लावली. ती हातात घेऊन उलटी सुलटी बघितली, मग त्यांना पटलं.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. लोक मयताला यावं तसे येऊन बसायला लागले. शेजारचा झेरॉक्सवाला हळू आवाजात म्हणाला, "कसं झालं हो? काही तरास होता काय आधीपासून?" एका गुरुजींनी विचारलं, "आमच्या शाळेतल्या मशीनचं आता काय? त्याले शाळेच्या दाखल्यासारखं नाव बदलून घ्या लागते काय?"

नव्या कंपनीचं नाव इतकं लांब आणि परदेशी होतं की भाऊंच्या जिभेला ते शेवटपर्यंत झेपलं नाही. तिचा लोगो म्हणजे एक निळा गोल. म्हणून ती आमच्याकडे कायमची 'गोलवाले' झाली.

मेलच्या शेवटी खरी मेख होती. सगळ्या सेवा केंद्रांची पाहणी होणार. दुकानात पतंगाचं चित्र, पतंगाचा बोर्ड, पतंगाची धून, काहीही दिसलं किंवा ऐकू आलं, तर 'अधिकृत' रद्द.

भाऊ त्या दिवशी जेवले नाहीत. मलाही घास गोड लागला नाही, खरं सांगतो. रेडिओच्या टपरीपासून त्या बोर्डापर्यंत हा माणूस कसा चालत आला, ते मी जवळून पाहिलं होतं.

\* \* \*

पहिल्यांदा आले स्टिकर. जिथं जिथं पतंग असेल, तिथं वरून निळा गोल चिकटवायचा.

आता गंमत बघा. गोल पतंगावर बरोबर बसायचा, पण शेपटी खाली लोंबतच राहायची. जिल्हाभर मी गोल चिकटवत फिरलो, आणि माझ्या मागे जिल्हाभर शेपटीवाले गोल तयार होत गेले.

तिसऱ्याच दिवशी एका पतसंस्थेच्या मॅनेजरचा फोन. "अहो भाऊ, आमच्या काउंटरवर उंदीर कायले लावून ठेवले? ठेवीदार हसून राह्यले ना!"

भाऊंनी कंपनीला कळवलं, मोठा गोल पाठवा. उत्तर आलं, जगभर गोलाचं माप एकच आहे, ते बदलता येत नाही.

एका शाळेत तर पोरांनी त्या गोलाला डोळे आणि मिशा काढल्या. गणपतीच्या दिवसांत तिथल्या सरांनी कॉम्प्युटरपुढे मोदक ठेवलेला मी स्वतः पाहिला. मी विचारलं, "सर, हे काय?"

सर म्हणाले, "राहू द्या. त्या दिवसापासून मशीन हँग होत नाही!"

\* \* \*

मग आली नवी धून. गोलवाल्यांचं अपडेट टाकलं की टिं टिं टुईं टिं गायब. त्या जागी एकच आवाज, 'डुंग!' स्वयंपाकघरात पातेलं पडल्यासारखा.

अपडेट टाकून चार दिवस झाले नाहीत तोच एका कार्यालयातले बाबू दुकानात आले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "सुनीलभाऊ, जुनी धून वापस टाकून दे ना. मी लय अडचणीत आलो."

"काहून? काय झालं?"

गोष्ट अशी की हे बाबू रोज दहाला येऊन मशीन चालू करायचे. साहेबांना आतल्या केबिनमध्ये टिं टिं टुईं टिं ऐकू आलं की साहेब समजायचे, बाबू कामाला लागले. आणि बाबू धून वाजेपर्यंत जिन्यावर पोचलेले असायचे, खाली चहाच्या टपरीकडे! कित्येक वर्षं बिनबोभाट चाललं. 'डुंग' मात्र केबिनपर्यंत पोचेना. साहेब बाहेर येऊन बघायला लागले.

"तं मंग जागेवर बसत जा ना!" मी म्हणालो.

बाबूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच त्यांना काही भलतंच सांगितलं. "बसून पाह्यलं ना दोन दिवस. साहेब म्हणे, तब्येत बरी नाही काय?"

त्या धुनीची सवयच तशी होती म्हणा. कधी कधी दुपारी दुकानातली सगळी मशीनं बंद असायची, तरी मला टिं टिं टुईं टिं ऐकू यायचं. रेखाताई म्हणायच्या, "मले बी येते. कानातच बसली आपल्या."

\* \* \*

गोलवाल्यांचा पुढचा नियम म्हणजे कोणताही पार्ट हवा असेल तर हेल्पलाइनलाच फोन करायचा. सेवा केंद्रानंसुद्धा!

लोहाऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात वजनकाट्याचा कॉम्प्युटर बंद पडला. पॉवर सप्लाय उडाला होता. गेटवर ट्रक उभे, ड्रायव्हर शिव्या देतायत. रेखाताईंनी हेल्पलाइन लावली. बराच वेळ बासरी ऐकल्यावर एक मुलगी बोलली. तिनं सगळं लिहून घेतलं आणि गोड आवाजात सांगितलं, "तुमची तक्रार तुमच्या जवळच्या अधिकृत सेवा केंद्राकडे पाठवली आहे. ते तुम्हाला फोन करतील."

तेवढ्यात भाऊंचा मोबाईल वाजला. मेसेज होता, 'नवीन तक्रार. ग्राहकाला ताबडतोब फोन करा.' खाली ग्राहकाचा नंबर म्हणून आमच्याच काउंटरचा नंबर!

भाऊ नियमाला पक्के. त्यांनी खुर्चीत बसल्या बसल्या फोन लावला. हातभर अंतरावरच्या रेखाताईंनी उचलला.

"नमस्कार ताई. सेवा केंद्रातून बोलून राह्यलो. तुमची तक्रार आली."

"हो ना भाऊ. पॉवर सप्लाय पायजे होता."

"आमच्यापाशी नाही ताई. तुम्ही असं करा, हेल्पलाइनले फोन करा."

"केलता. त्यायनं तुमच्याकडे पाठवलं."

"बरं बरं. मंग आपण दोघं बी वाट पाहू."

दोघांनी एकमेकांकडे बघत फोन ठेवले. मी हसून हसून सोल्डरिंग गन खाली ठेवली. पुढच्याच मिनिटाला काउंटरवर मेसेज, 'सेवा कशी वाटली? पाचपैकी गुण द्या.'

रेखाताई पाच दाबणार, तोच भाऊ ओरडले, "चार दे! पाच देलं तं त्यायले डाउट येईल!"

\* \* \*

हेल्पलाइननं पार्ट दिला नाहीच. तो दिला उमरखेडनं.

तिथल्या एका टायपिंग क्लासवाल्यांचा फोन आला. "वसंतभौ, आमच्या पतंगाचा मदरबोर्ड जळाला. बाकी सारं अंग धडधाकट हाय. तुमच्या काही कामाचं असन तं एसटीनं पाठवून देतो."

ही बातमी कशी फुटली देव जाणे. पार्सल यायचं त्या दिवशी मी स्टँडवर गेलो, तर आमची अर्धी गिऱ्हाइकं आधीच हजर! कारखान्याचा माणूस पॉवर सप्लायसाठी. एक मॅडम फॅनसाठी. सगळे गंभीर चेहऱ्यानं उमरखेड गाडीची वाट बघत उभे.

कंडक्टर खोका घेऊन उतरला आणि ती गर्दी पाहून दचकला. "कोण हाय बावा याच्यात?"

तिथेच बाकावर खोका उघडला. ज्याचा त्याचा अवयव ज्याला त्याला दिला. लोहाऱ्याचा माणूस पॉवर सप्लाय छातीशी धरून रिक्षाकडे पळाला. शेवटी एक गुरुजी उरले. ते म्हणाले, "मले फक्त कीबोर्डाचं एंटरचं बटन द्या."

"नुसतं एंटर? अख्खा कीबोर्ड न्या ना गुरुजी!"

"नाही नाही. बाकीचा माझा चांगला हाय. एंटरच्या भोकात मी वर्षभर रिफिल खुपसून राह्यलो."

ते बटण खिशात घालून, वरून खिसा थोपटून गुरुजी गेले. बाकावर राहिला रिकामा डबा, म्हणजे कॅबिनेट. तो दारव्ह्याकडच्या एका तांड्यावरचे राठोड काका घेऊन गेले. ते आमचं जुनं गिऱ्हाईक. मी विचारलं, "काका, रिकाम्या डब्याचं काय करता?"

"येते कामात," एवढंच म्हणाले.

\* \* \*

कशाच्या कामात आला ते पुढे कळलं.

गोलवाल्यांनी एक्स्चेंज ऑफर काढली. जुना पतंग 'आहे त्या स्थितीत' आणा, नव्या मशीनवर सूट घ्या. दुसऱ्या दिवशी राठोड काका ऑटोतून उतरले. मांडीवर तोच डबा.

"काका, हा तर रिकामा आहे!"

"रिकामा कुठी? पाह्य ना आत."

बाजूचा पत्रा उघडला, तर आत कोंबडी! अंड्यांवर बसलेली. तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी हात मागे घेतला.

"हिला बाहेर काढा ना काका."

"मी नाही काढत बाप्पा. आमच्या याडीची हाय ते. पिल्लाइले काही झालं तं याडी मले घरात घेणार नाही." याडी म्हणजे काकांची आई. तांड्यावर तिच्या शब्दापुढे काका तर काय, सरपंचही जात नाही. "अन् कंपनीनंच म्हटलं ना, आहे त्या स्थितीत! याची स्थिती अशी हाय."

नियमाप्रमाणे मशीनचा आतून फोटो काढून कंपनीच्या ॲपवर टाकायचा होता. भाऊ म्हणाले, "टाक. त्यायले बी पाहू दे." टाकला. ॲपनं थोडा वेळ गोल गोल फिरवलं आणि उत्तर दिलं, 'मशीनची अंतर्गत स्थिती: उत्तम.'

भाऊंनी ते उत्तर दोनदा वाचलं.

भाऊ मला म्हणाले, "इंजिनियर साहेब, इतकी वर्षं झाली. तुम्ही रिपेअर केलेल्या एका तरी मशीनले 'उत्तम' भेटलं काय?"

काकांना सूट मिळाली. फक्त डबा ताब्यात घ्यायला गाडी आली तेव्हा त्यांनी ती परत पाठवली. "पिल्लं निघू द्या, मंग नेजा."

\* \* \*

आणि मग पाहणीची तारीख आली.

गोलवाल्यांचा नवा बोर्ड येऊन पडला होता. जुना उतरवायचा आणि तिथं हा लावायचा, एवढंच काम. मी शिडी लावली, वर चढलो, जुन्या बोर्डाचा स्क्रू फिरवला, तर फटीतून चिवचिवाट. साळुंकीची पिल्लं! अजून पंखसुद्धा धड फुटले नव्हते.

खाली येऊन भाऊंना सांगितलं. भाऊंनी मान वर करून फटीकडे पाहिलं.

"राहू दे," म्हणाले.

"भाऊ, जुना बोर्ड दिसला तर आपलं 'अधिकृत' गेलं!"

"मले समजते रे. पण त्यायचं घर मोडून आपला बोर्ड लावाचा काय?"

रेखाताईंनी तोड काढली. जुना काढायचाच नाही, त्याच्यावरूनच नवा लावायचा. दोन बोर्डांमध्ये हातभर जागा सोडली, म्हणजे साळुंकीला जायला यायला वाट. समोरून बघणाऱ्याला फक्त निळा गोल. बोर्ड जरा पोटुशीसारखा दिसत होता, पण चाललं.

पुण्याहून कुलकर्णी साहेब आले. निळ्या गोलाचा टी-शर्ट, खांद्याला लॅपटॉपची बॅग, चेहऱ्यावरची सुरकुतीही हलणार नाही असा माणूस. भाऊंनी नवा सदरा घातला होता. साहेबांनी भिंती बघितल्या, ड्रॉवर बघितले, माळा बघितला. पतंगाचं नामोनिशाण नाही. माझी सगळी मशीनं एकेक करून चालू करायला लावली. डुंग. डुंग. डुंग.

"छान," साहेब म्हणाले. भाऊंनी श्वास सोडला.

आणि टिं टिं टुईं टिंऽऽ!

साहेब थबकले. "हे काय होतं?"

"काय साहेब?" भाऊंचा आवाज चिरकला.

"पतंगाची धून होती. कुठलं मशीन लपवलंय?"

मी शपथेवर सांगितलं, एकही नाही. साहेबांचा विश्वास बसेना. सगळी मशीनं बंद करायला लावली. टिं टिं टुईं टिंऽऽ! सगळे प्लग काढायला लावले. टिं टिं टुईं टिंऽऽ! शेवटी मेन स्विच पाडला. कूलर थांबला, पंखे थांबले. मे महिन्याच्या दुपारी आम्ही चौघं घामाघूम होऊन उभे, आणि आवाज पुन्हा आला. या वेळी मात्र कळलं, तो बाहेरून येत होता. नव्या बोर्डाच्या मागून!

भाऊंचा चेहरा पांढरा पडला. मी मनात म्हटलं, संपलं. आता हा माणूस पुन्हा रेडिओ दुरुस्त करणार.

साहेबांनी स्टूल मागवलं. वर चढले. मोबाईलचा टॉर्च लावून बोर्डाच्या मागे डोकावले. आत पतंगाचा जुना बोर्ड, त्यावर भाऊंचं ते मोठं 'अधिकृत', आणि त्याच्या वरच्या काठावर चोचीत किडा धरून साळुंकी. तिनं किडा पिल्लाच्या तोंडात दिला, साहेबांकडे मान वाकडी करून पाहिलं, आणि चोच उघडून गायली, टिं टिं टुईं टिंऽऽ!

इतकी वर्षं दिवसभर तीच धून ऐकत तिथं राहिली होती ती. आमच्या कानात बसलेली धून कोणाची होती, ते रेखाताईंना आणि मला त्याच क्षणी कळलं.

साहेब स्टुलावरच उभे. खाली न बघता त्यांनी विचारलं, "कंपनी विकली गेली, हे हिला कोणी सांगितलं नाही का?"

भाऊ हात जोडून म्हणाले, "सांगतलं ना साहेब. पण ते म्हणते, तोंडी नाही, लेखी पायजे."

मी डोळे मिटून घेतले. हसायचं की रडायचं तेच कळेना. डोळे उघडले तेव्हा समोर साहेबांची बॅग होती. वर चढताना ती पाठीवर गेली होती. बॅगेवर निळ्या गोलाचा स्टिकर, आणि स्टिकरच्या खालून बाहेर आलेली पतंगाची शेपटी.

साहेबांनी ओठांचा चंबू केला आणि शीळ घातली. टिं टिं टुईं टिंऽऽ. एक सूर इकडचा तिकडे नाही. साळुंकीनं दुसऱ्या बाजूला मान वाकडी केली आणि उत्तर दिलं. साहेबांनी पुन्हा घातली. तिनं पुन्हा दिलं.

मग ते खाली उतरले, चष्मा काढून टी-शर्टला पुसला आणि म्हणाले, "भाऊ, बोर्ड पास."

भाऊंनी घाबरत घाबरत विचारलं, "कोणता साहेब?"

साहेब बॅग नीट करत म्हणाले, "दोन्ही!"